रफू केलेली नोटीस

मंगळवार, ३ तारीख

घड्याळजी,

मोठ्या बहिणीनं पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहिलाय असं समज आणि पुढे वाच.

तुझा लिफाफा काल दुपारी आला. सात वर्षांनी तुझं अक्षर दिसणार म्हणून मी हात धुतले, चष्मा पुसला, खिडकीपाशी बसले आणि जपून कडा कापली. आतून निघाली टाइप केलेली नोटीस. तुझं म्हणून त्यात काय, तर खाली डाव्या बाजूला एक सही. ‘ताई, कशी आहेस’ एवढं लिहायला शाई महाग झाली होती का?

वकिलांनी सोबतच्या चिठ्ठीत सगळं समजावलंय. साथ आली तेव्हा हुकूम निघाला होता, की कुठल्याही भाडेकरूला घराबाहेर काढायचं नाही. तो हुकूम येत्या एक तारखेला संपतो. त्याच दिवशी हा कागद वरच्या मजल्यावर हातात द्यायचा. त्यावर दोन्ही मालकांच्या सह्या हव्यात. मग तीन महिन्यांत घर रिकामं आणि लगेच विक्री. गिऱ्हाईक तयार आहे, त्याला फक्त घर मोकळं हवंय. बाबांनी घर दोघांच्या नावावर केलं तेव्हा मला वाटलं होतं, न्यायानं वागले. आता वाटतं, आपण भांडायचं थांबू नये म्हणून ही सोय करून गेले.

वर राहते ती बाई तुला आठवली तर जिन्यातली आठवेल. तू शेवटचा घराबाहेर पडलास तेव्हा कागदांचा गठ्ठा छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी होती. मी तिला वरची म्हणते. छापखान्याची प्रुफं तपासते. साथीच्या पहिल्याच वर्षी तिचा नवरा गेला. आता ती आणि तिचे सासरे. ती त्यांना मामंजी म्हणते, ऐकून ऐकून मीही. मामंजींनी जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. ती छापलेलं पान मोठ्यानं वाचते, विरामचिन्हांसकट, आणि मामंजी भिंग घेऊन मूळ प्रतीवर बोट फिरवत बसतात. चूक सापडली की म्हणतात, “थांब.” हे सगळं माझ्या छतातून खाली येतं. मी कुणाच्या तरी कोटाचं कोपर रफूनं भरत बसलेली असते आणि वरून ठिबकत असतं, “समुद्र त्या दिवशी शांत होता स्वल्पविराम पण नावाडी परतला नाही पूर्णविराम.” नावाडी का परतला नाही हे बहुतेक वेळा कळत नाही, कारण पुढची पानं दुसऱ्या दिवशी येतात, आणि त्या दिवशी माझ्याकडे नेमकं गिऱ्हाईक बसलेलं असतं.

बाबा शेवटच्या वर्षी हेच ऐकत पडून असायचे. वरचा आवाज बारीक झाला, की काठीनं पलंगामागच्या नळाच्या पाइपला ठोकायचे. तीनदा. की आवाज मोठा व्हायचा. हात एवढे थरथरायचे की तीनाचे सात व्हायचे, पण वरचीला हिशेब समजायचा.

असो. सही करीन. नाही कशाला म्हणू? कागद जरा चुरगळलाय, त्याची काळजी करू नकोस.

तुझी (नाइलाजानं) ताई


रविवार, ८ तारीख

घड्याळजी,

कागद चुरगळला असं लिहिलं होतं. तो फाटलाय. मांडीवर कापड, कापडावर कागद, हातात कात्री. व्हायचं ते झालं. उजव्या कोपऱ्यातून तिरका गेलाय तो थेट खाली तुझ्या सहीच्या मधून.

आता तू म्हणशील, दुसरा मागव. मागवला असता. पण रफूवालीच्या घरात फाटकी वस्तू पडून राहिली की मला घास गोड लागत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून मी नोटीस रफू करायला घेतली आहे. हसू नकोस. की हस, हसतोस तरी हे कळेल.

कागदाला रफू कधी केलं नव्हतं. आधी मागून पातळ कागद खळीनं डकवला. मग सगळ्यात बारीक सुईनं भोकं पाडून घेतली, मग रेशमाचा एकच तंतू, उभा आणि आडवा. बाबांचा नियम आठवतो ना? दोरा बाजारातून आणायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथून काढायचा आणि फाटलेल्या जागी आणायचा. कापडाचं कापडालाच. कागदाला कुठली आलीय शिवण? म्हणून बाबांच्या रुमालाची कड उसवली. पांढऱ्यावर पांढरं, दिसत नाही.

सकाळी दहा ते दुपारी दोन खिडकीतून नितळ उजेड येतो, तेवढ्यात चार बोटं काम होतं. वरती पक्ष्यांचं पुस्तक चालू आहे. दुपारी मान मोडून बसलं की वेगळंच व्हायला लागतं. उजेड कागदावरून सरकतो, वरून पक्षी उतरत राहतात, लांब चोचीचा, आखूड शेपटीचा स्वल्पविराम, आणि मला वाटतं की टेबलाखाली तू झोपलायस. आठ वर्षांचा. केसांत दोऱ्यांचे तुकडे. बाबा म्हणायचे, हात बघावा तर याचा, मोठीपेक्षा बारीक काम करील. मला राग यायचा आणि खरंही वाटायचं. तू सुई सोडून घड्याळांत गेलास तेव्हा बाबा चार दिवस बोलले नाहीत, आणि मी चार दिवस गुणगुणत होते. हे आज पहिल्यांदा सांगतेय.

तू बोललास ते मी विसरले नाही, हेही सांगते. बाबा पलंगावर. चमचा तोंडापर्यंत जात नव्हता. तू डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलंस, “हे मुलांनाही होतं का?” मी दारात होते. तुला म्हटलं होतं, “बाप जायला टेकलाय आणि तुला स्वतःच्या हातांची पडलीय. चालता हो.” तू चालता झालास. इतकं सगळं माझं ऐकायची तुला सवय नव्हती रे.

ताई


शनिवार, १४ तारीख

धाकट्या,

कात्री लागली नव्हती. मी फाडला.

त्या दिवशी लिफाफा उघडून बसले होते आणि वरची खाली आली. साथीपासून आमचं सगळं टोपलीनं चालतं. तिनं खिडकीतून दोरीनं टोपली सोडायची, छापखान्याचा माणूस माझ्याकडे ठेवून गेलेला गठ्ठा मी त्यात घालायचा, तपासलेली प्रुफं तिनं खाली पाठवायची. साथ गेली, टोपली राहिली. त्यामुळे ती स्वतः जिना उतरून आली म्हणजे काहीतरी मोठं असणार. दारातच उभी राहून म्हणाली, “ताई, एक तारखेनंतर आमचं काय?”

कागद माझ्या मांडीवर. वर मी कुणाचं तरी जाकीट ओढून घेतलं.

“काय व्हायचंय?” मी म्हटलं. “एक तारखेनंतर दोन तारीख येते.”

ती हसली. बिचारी हसली. “मामंजींना जिना आता उतरवत नाही, म्हणून विचारलं,” म्हणाली आणि गेली. तिची पावलं तेरा पायऱ्या वर गेली, मी मोजली, आणि तेराव्या पायरीला माझ्या हातांनी कागद टरकावला. मी ठरवलं नव्हतं. पण हात माझेच होते.

मी फार भली आहे असं समजू नकोस. हुकूम निघाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मला याच बाईचा वैताग आला होता. माझ्याच घरात मी कोंडले गेलेय, वर कोण राहील हे सरकार ठरवतंय, असं वाटायचं. मग एक दिवस टोपलीत तिनं माझ्यासाठी मोठ्या अक्षरातलं पुस्तक ठेवलं, कारण माझे डोळे दमतात हे तिला माझ्या खोकल्यावरून कळलं म्हणे. कसं ते मला विचारू नकोस. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. मी हिच्याशी चांगली वागते ती हिला काढता येत नाही म्हणून, की मी चांगली आहे म्हणून? हुकूम आहे तोवर याचा पत्ता लागणार नाही. एक तारखेला लागेल. मला त्याचीच धास्ती आहे.

रफू सहीपर्यंत आलंय. सहीला काळा धागा हवा. कपाटात तुझा शाळेतला कोट आहे, त्याच्या आतल्या शिवणीतून काढला. तुझं तुलाच. सही निम्मी फाटलेली, तेव्हा रेघेच्या दोन्ही कडा धरून मधलं भरायचं, सुई सांगेल तिकडे जायचं.

इथं एक गोष्ट तुला सांगणार नव्हते.

टाका हलतोय. सरळ जायला हवा तिथे बारीक नागमोडी जातो. उसवला, पुन्हा घातला. पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा श्वास धरून घातला, तरी तसाच. मी सुई खाली ठेवली आणि हात उजेडात धरून बघत बसले. बाबांचं असंच सुरू झालं होतं, आठवतं? आधी टाके. मग चमचा. दुपारभर मी काही केलं नाही. वरून पक्षी येत राहिले. मला वाटत होतं, मीच कुठेतरी उंचावर आहे आणि हे घर खाली पसरलेलं कापड आहे, त्यातून एक एक धागा कुणीतरी काढून नेतंय, आणि मला ते दिसतंय पण हात पुढे करवत नाही.

तुला डॉक्टरांना विचारावंसं का वाटलं, ते मला या दुपारी कळलं. उशिरा कळलं.

ताई


गुरुवार, १९ तारीख

धाकट्या,

माझ्या हातून एक घोळ झाला. असला घोळ जगाच्या पाठीवर फक्त याच घरात होऊ शकतो.

नोटीस पुरी झाली. टाके हललेले तसेच ठेवले, उसवायचा धीर नव्हता. खळीनं कागद फुगतो, म्हणून सपाट व्हायला त्यावर वजन हवं. छापखान्याचा नवा गठ्ठा आला होता, जाडजूड. नोटीस त्याखाली ठेवली. मग एक बाई परकराची किनार घेऊन आली, तिच्याशी हुज्जत झाली, आणि वरून टोपली आली तेव्हा मी सवयीनं गठ्ठा उचलून आत ठेवला. खालच्या कागदासकट.

मंगळवारी दुपारी वाचन सुरू. मी परकर घेऊन बसलेले. पक्ष्यांचं शेवटचं प्रकरण. वरची दमली की एकसुरी वाचते, अर्थाकडे लक्ष नसतं, नुसती अक्षरं. मलाही डुलकी येत होती.

“पिल्लं उडाली की ही जोडी घरटं सोडते पूर्णविराम. त्याच फांदीवर ती परत येतील असं सांगता येत नाही पूर्णविराम. आपण राहत असलेली वरच्या मजल्यावरची जागा स्वल्पविराम जिन्यासह स्वल्पविराम तीन महिन्यांच्या आत रिकामी करून मालकांच्या ताब्यात द्यावी पूर्णविराम.”

मला अर्धवट झोपेत वाटलं, पक्ष्यांनाच सांगतायत. बिचारे जिन्यासह कुठे जाणार?

मग मामंजींचा आवाज. “थांब.”

भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज.

“सूनबाई, हे पान माझ्या मूळ प्रतीत नाही.”

माझी झोप खाडकन उतरली. सुई परकरात, मी खुर्चीत, आणि वर काहीच आवाज नाही. पाऊल नाही, कागद नाही. ती सात वर्षांत एवढा वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही. खिडकीतून टोपली खाली आली तेव्हा उजेड पलीकडच्या भिंतीवर गेला होता.

टोपलीत नोटीस होती. तपासलेली! लाल शाईनं दोन स्वल्पविराम घातलेले, एक अक्षर दुरुस्त केलेलं. रडावं की हसावं कळेना. समोर आलेलं पान ही बाई तपासल्याशिवाय सोडत नाही, ते तिलाच घराबाहेर काढणारं का असेना. आणि तुझ्या सहीशेजारी समासात एक प्रश्नचिन्ह. पुढे बारीक अक्षरात, “इथे अक्षर हललं आहे. मुळात तसंच आहे का?”

मी वर गेले. तेरा पायऱ्या चढायला मला तेरा वर्षं लागली असं वाटलं. दार उघडंच होतं. ती टेबलापाशी, मामंजी भिंग पुसत.

“ताई,” ती म्हणाली, “यावर तुमची सही राहिलीय.”

“माहीत आहे मला.”

“करणार?”

मामंजी म्हणाले, “कागद झकास सांधलाय हो. भिंग लावलं तरी सांधा सापडत नाही. फक्त सहीत सापडतो.”

“तो माझा हात हलला,” मी म्हटलं.

वरचीनं मान हलवली. “नाही ताई. जिथे तुमचा दोरा आहे तिथे हललंय, आणि जिथे नुसती शाई आहे तिथेही. म्हणून तर विचारलं, मुळात तसंच आहे का?”

ताई


शुक्रवार, २० तारीख

माझ्या बाळा,

काल पत्र पेटीत टाकून आले आणि भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं. तू जायच्या आदल्या वर्षी दुरुस्त केलं होतंस. घड्याळजी लोक झाकणाच्या आत आपली खूण आणि तारीख कोरतात, हे तूच मला दाखवलं होतंस. झाकण उघडलं. तांदळाएवढी तुझी सही. केसासारखी सरळ रेघ.

शेजारी नोटीस ठेवली.

माझा हात हलत नव्हता. माझ्या सुईनं तुझा हात होता तसा विणला होता.

किती दिवस झाले? बारीक घड्याळं उघडणं कधी सोडलंस? डॉक्टरांना विचारलंस तेव्हाच सुरू झालं होतं का रे? आणि मी तुला दारातून चालता हो म्हटलं. बापासमोर स्वार्थी म्हटलं. मी चुकले. ‘पण’ नाही, ‘तरी’ नाही. चुकले. माफ कर म्हणायचं तोंड नाही, तरी म्हणतेय.

वरचीच्या प्रश्नाचं उत्तर लिहून टोपलीतून पाठवलं: हो, मुळात तसंच आहे. दहा मिनिटांत कागद परत. प्रश्नचिन्ह खोडलं होतं आणि सहीच्या खाली टिंबांची एक ओळ काढली होती. मी खिडकीतून मान वर करून ओरडले, “याचा अर्थ काय?”

“छापखान्याची खूण आहे, ताई,” वरून आवाज आला. “दुरुस्त करू नका, आहे तसंच असू दे.”

मी खिडकीतच उभी राहून रडले. वरचीनं टोपली हळूच वर ओढून घेतली.

ताई


शुक्रवार, २७ तारीख

बाळा,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण या पत्रांत आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

तुझे वकील काल आले. नोटीस खिडकीत धरून बघितली, उलटी केली, सुलटी केली. म्हणाले, “बाई, फाडलेल्या नोटिसा पाहिल्या, एका माणसानं तर माझ्यासमोर चावून गिळली होती. रफू केलेली पहिलीच. ही चालणार नाही. नवी करावी लागेल, तुमच्या भावाची पुन्हा सही घ्यावी लागेल.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “आणि त्यांना ते अवघड जातं.” त्यांच्या कोटाची बाही उसवलेली होती. मी म्हटलं, काढा तो, बसा पाच मिनिटं. माणूस बिनबाहीचा समोर बसला की खरं बोलतो. तू ज्या खोलीत राहतोस, दुकानाच्या मागच्या, तिचा मालकही एक तारखेचीच वाट बघतोय हे त्यांच्या तोंडून निघालं. तुझी नोटीस तयार आहे म्हणे.

म्हणजे तोच हुकूम तुलाही सांभाळत होता. तू तिकडे बाहेर पडायचास, म्हणून इकडे दोघांना बाहेर काढायचं, आणि ते घर विकून तू पुन्हा कुणाच्या तरी खोलीत भाड्यानं जायचंस! अरे, घड्याळाचे काटे बसवणाऱ्याला एवढं साधं गणित जमलं नाही? की ताईला सांगण्यापेक्षा घर विकणं सोपं वाटलं? सोपं वाटलं असणार. मीच तसं करून ठेवलं होतं.

तर आता ऐक. आमचं ठरलंय.

जिना तुला नको. खालची पुढची खोली तुझी. खिडकीपाशी माझं टेबल आहे, तिथे तुझा पलंग. एवढा नितळ उजेड साऱ्या घरात दुसरीकडे नाही, म्हणून तिथेच. मी वर जातेय. वरचीची मागची खोली रिकामी आहे, तिच्या नवऱ्याचं सामान होतं तिथे. तिथे उजेड दुपारी बारापर्यंतच असतो. बारापर्यंत काम करीन, नंतर पक्षी ऐकीन, आणि आता मधली पानं चुकणार नाहीत.

ही कल्पना माझी, पण अटी तिच्या. मी म्हटलं, “फुकट नको, मी भाडेकरू म्हणून येते.” तर लगेच मालकिणीच्या तोऱ्यात म्हणाली, “वाचन चालू असताना बोलायचं नाही. नावाडी का परतला नाही असं मध्येच विचारायचं नाही. मामंजींच्या भिंगाला हात लावायचा नाही.” घरमालकीण आपल्या भाडेकरूची भाडेकरू झाली. मामंजी म्हणाले, उभ्या जन्मात असा मजकूर जुळवला नाही. त्यांनी करारनामा लिहायला घेतलाय.

बाबांचाच नियम आहे हा. दोरा बाहेरून आणायचा नाही. आतल्या शिवणीतून काढायचा. टेबल हलवताना मला फार वाईट वाटलं, ते लपवत नाही. चाळीस वर्षं बसले तिथे. जमिनीवर चार पायांचे चार ठसे उमटलेत.

गिऱ्हाईक गेलं, त्याला मोकळं घर हवं होतं. जाऊ दे. तू ये. हात दाखवू नकोस हवं तर, खिशात घालून ये. पण एक तारखेच्या आत ये, कुणी तुला उंबऱ्याबाहेर उभं करायच्या आधी.

ताई


मंगळवार, १ तारीख
वरच्या मजल्यावरून

बाळा,

तू अजून झोपलायस असं मला वाटत होतं. हे पत्र टपालानं नाही, टोपलीनं येईल.

काल तू दारात उभा राहिलास, हात खिशात. मी हातांकडे बघितलं नाही, केसांकडे बघितलं. सगळे पांढरे. तू एवढंच विचारलंस, “जिना चढायचाय का?” मी म्हटलं, “नाही, तुझी खोली खालीच आहे.” झालं. सात वर्षं एवढ्यात संपली. तुझ्यासाठी तयार करून ठेवलेली सगळी बोलणी फुकट गेली.

आज हुकूम संपला. पहाटे जाग आली आणि वाट बघत पडले, आता आपल्या मनात काय येतं ते. आजपासून मी वरचीला काढू शकते, तसंच ती मला. मनात काही आलं नाही. पलीकडच्या खोलीत मामंजी घोरत होते आणि मला परत झोप लागली. एवढीच होती ती धास्ती.

मग खालून आवाज आला. बशीवर कप वाजला, बारीक, भराभरा. बाबांचा आवाज. क्षणभर मला वाटलं, मी खालीच आहे, टेबलापाशी, आणि मधली सगळी वर्षं वरून कुणीतरी वाचून दाखवलेली होती. खाली धावत येऊन कप धरावा असं वाटलं. पण वरचीनं मान हलवून नको म्हटलं, आणि ती वाचायला बसली. नवीन पुस्तक आलंय, कशाचं ते सांगत नाही, मध्येच विचारायचं नाही ही अट आहे. ती हळूच वाचत होती, खाली तुला त्रास नको म्हणून.

आणि पाइपवर ठोका पडला.

मी मोजले. तीनाचे पाच झाले. वरची थांबली, माझ्याकडे बघितलं, चष्मा सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं सुरुवात केली. म्हणजे तू नुसता जागा नाहीस. ऐकतोयस.

टोपलीत करारनामा ठेवलाय. मामंजींच्या अक्षरात, माझ्या सहीसकट. घर दोघांचं, तेव्हा तुझी सहीही लागते. पेन सोबत आहे. घाई नाही, आणि सहीचा सराव करत बसू नकोस. हात हलला तर हलू दे. वरची त्याखाली टिंबं देईल.

तुझी ताई